मीठ, मेंदू आणि 'मेरिट'

लातूर आणि नांदेड ही दोन शहरं आज कशासाठी ओळखली जातात, हे कुणाला सांगायची गरज नाही. चौकाचौकात नीट-जेईईच्या निकालाची होर्डिंगं, गल्लीगल्लीत मेस, खोलीखोलीत कॉट टाकून राहिलेली खेड्यापाड्यांतली पोरं. नांदेडला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात आम्ही काही कार्यकर्ते अभ्यासिका चालवतो. लातूरला माझी भाचरं शिकायला आहेत, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी तिकडेही चक्कर होते. या दोन्ही शहरांत एक शब्द सतत कानावर पडतो : मेरिट. यादी लागली की आमच्या पोरांना ऐकवलं जातं, "तुमचं काय बाबा, तुम्हाला कमी मार्कांवर मिळतं." पोरगं गप्प बसतं. घरी येऊन आम्हाला विचारतं, "मामा, याला काय उत्तर द्यायचं?"

आरक्षणाची घटनात्मक बाजू, प्रतिनिधित्वाचा मुद्दा, हजारो वर्षांची ज्ञानबंदी ही उत्तरं आपल्याकडे आहेत आणि ती बरोबरच आहेत. पण मला या प्रश्नाचं आणखी एक उत्तर द्यावंसं वाटतं, आणि ते आपल्या चळवळीत फारसं बोललं जात नाही. ते उत्तर मिठाच्या डब्यात आहे.

हसू नका. आधी थोडं विज्ञान पाहू.

माणसाच्या गळ्याजवळ थायरॉईड नावाची ग्रंथी असते. तिला आपलं संप्रेरक तयार करायला आयोडीन लागतं. किती? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला २५०. म्हणजे साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्याचं सगळं आयोडीन एकत्र केलं, तरी ते एका चहाच्या चमच्यात मावेल. पण शरीर ते फार काळ साठवून ठेवू शकत नाही. ते रोज थोडं थोडं पोटात जावं लागतं. ते कमी पडलं की ग्रंथी सुजते, त्याला आपण गलगंड म्हणतो. माझ्या आत्याला होता. गावात लोक तिला गळ्यावरून नाव ठेवून हाका मारायचे, आणि ती पदराने गळा झाकून कामाला जायची. देवीचा कोप म्हणून तिच्या गळ्यात दोरा बांधला होता. गलगंड डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची चर्चा होते. खरं नुकसान दिसत नाही. ते आईच्या पोटात होतं.

गर्भाचा मेंदू घडत असतो तेव्हा पहिले सुमारे तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्या काळात बाळ आईच्या संप्रेरकावर अवलंबून असतं. आईला आयोडीन फारच कमी पडलं तर मूल मतिमंद, मुकं-बहिरं जन्मू शकतं. मध्यम कमतरता असेल तर मूल वरून धडधाकट दिसतं, पण शिकण्याची गती मंदावते. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब करून १९९४ साली असा निष्कर्ष मांडला गेला, की आयोडीनची तीव्र कमतरता असलेल्या वस्त्यांमध्ये बुद्ध्यंक सरासरी साडेतेरा गुणांनी घसरतो. हे नुकसान जन्मानंतर पूर्ण भरून काढता येत नाही. बाई तीन महिन्यांची गरोदर असताना ऊसतोडीला गेलेली असेल, कंधार-मुखेडकडून निघून पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी फडावर कोपी टाकून राहिलेली असेल, तर तिची पहिली तपासणी होईपर्यंत तो काळ निघून गेलेला असतो.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो, कारण हा मुद्दा उलटा फिरवायला लोक टपलेले असतात. याचा अर्थ आपली पोरं जन्मतः कमी आहेत असा अजिबात नाही. आयोडीनला जात कळत नाही. काश्मीरपासून आसामपर्यंत हिमालयाच्या पायथ्याला ब्राह्मण-राजपूत घरांतही पिढ्यान्‌पिढ्या गलगंड होता. बुद्धी रक्तातून, कुळातून येते म्हणणाऱ्या मनुवादी सिद्धांताच्या तोंडावर ही सगळ्यात मोठी चपराक आहे : ज्याला तुम्ही उपजत गुणवत्ता म्हणता, ती काही पैशांच्या क्षारानेही वर-खाली होते. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की तो क्षार कुणाच्या ताटात नीट पोहोचतो आणि कुणाच्या ताटात पोहोचेपर्यंत उडून जातो.

आयोडीन मुळात समुद्रात असतं. पाऊस, पूर आणि धूप यांनी जमिनीतलं आयोडीन धुऊन जातं, आणि जे जमिनीत नाही ते ज्वारीत, तुरीत, भाजीत कुठून येणार? समुद्रातली मासळी खाणाऱ्याला थोडं मिळतं. आपल्याकडे ती किती घरांत परवडते? म्हणून सगळे खातात अशा वस्तूत, म्हणजे मिठात, आयोडीन घालायचा मार्ग निघाला. आपल्या देशात हे सिद्ध केलं ते डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात त्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिलं, एका भागात साधं. आयोडीन मिळालेल्या भागांत मुलांमधला गलगंड काही वर्षांतच उतरला. त्यावरून १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पण तो कित्येक वर्षं हिमालयाच्या पट्ट्यापुरताच राहिला. मैदानी भागात हा प्रश्न नाही, असं गृहीत धरलं गेलं. पुढे पाहण्या झाल्या तेव्हा कळलं की कुठलंच राज्य यातून सुटलेलं नाही. सरकारच्या आकड्यांनुसार पाहणी झालेल्या ४१४ जिल्ह्यांपैकी ३३७ जिल्ह्यांत गलगंडाचं प्रमाण पाच टक्क्यांच्या वर निघालं. १९९२ साली कार्यक्रमाचं नाव बदलून त्यात आयोडीनच्या कमतरतेचे सगळे विकार घेतले गेले.

आता याचं राजकारण बघा. खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला मे १९९८ पासून देशभर बंदी आली. सप्टेंबर २००० मध्ये त्या वेळच्या केंद्र सरकारने ती उठवली. कारण काय दिलं? आरोग्याच्या बाबतीत सक्ती नको, माणसाने समजून-उमजून निवड करावी. स्वदेशीवादी आणि काही गांधीवादी मंडळी या बंदीच्या विरोधात होती. मीठ म्हणजे स्वातंत्र्याचं प्रतीक, दांडीचा वारसा, त्यावर सक्ती कशी, असा त्यांचा सूर होता. छोट्या मीठ उत्पादकांना फटका बसेल, मोठ्या कंपन्यांचं फावेल, हा त्यांच्या म्हणण्यातला भाग खोटा नव्हता. पण निवडीचं स्वातंत्र्य कुणाचं? किराणा दुकानदार उधारीवर जे देईल ते घेणाऱ्या बाईला कसली निवड? तिच्या पोटातल्या बाळाला कोण विचारणार होतं? झालं काय ते आकडे सांगतात. १९९८-९९ मध्ये पुरेसं आयोडीन असलेलं मीठ देशातल्या ४९ टक्के घरांत होतं. २००२-०३ मध्ये ते ३० टक्क्यांवर आलं. मे २००६ मध्ये बंदी परत लागू झाली आणि आकडा पुन्हा चढू लागला. मधल्या त्या वर्षांत जन्मलेली मुलं आज पंचविशीच्या आत-बाहेर आहेत. स्पर्धा परीक्षेच्या अर्जावर वयाचा रकाना भरत आहेत.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि दहाच दिवसांनी, १२ मार्चला, साबरमतीहून दांडीयात्रा निघाली. पाठ्यपुस्तकात दुसऱ्या घटनेला पानं मिळाली, पहिलीला ओळी. मला त्या इतिहासाचं इथे वेगळ्या कारणाने स्मरण होतं. मीठ हातात घेऊन साम्राज्याला आव्हान देणं मोठं होतंच, पण त्या मिठात काय आहे आणि ते कुणाच्या घरात कसं पोहोचतं हा प्रश्न माणसाच्या समान दर्जाचा आहे. तो बाबासाहेबांच्या वाटेवरचा प्रश्न आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने लोकांचं पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य ठरवलं आहे. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा तो नियम जुन्या अन्नभेसळ कायद्याच्या अधिकारात बसत नाही असा निकाल दिला, तरी जनहितासाठी तो सहा महिने चालू ठेवायला परवानगी दिली. लगेच ऑगस्टमध्ये नव्या अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांत ही बंदी आली. म्हणजे कायदा आज आपल्या बाजूने आहे. प्रश्न कारखाना आणि ताट यांच्यामधल्या वाटेचा आहे.

ही वाट नीट समजून घेऊ, कारण फसगत इथेच होते. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात. आयोडाइडपेक्षा ते जास्त टिकतं म्हणून. दुकानातून ग्राहकाच्या हातात येताना मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे किलोमागे १५ मिलिग्रॅम आयोडीन असलंच पाहिजे. कारखान्यात त्याहून जास्त घालतात, कारण वाटेत काही जाणार हे धरलेलं असतं. ते जातं कशाने? मुख्यतः ओलाव्याने. मीठ अशुद्ध असेल, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतील, तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं. मीठ पाझरतं, आणि त्या पाण्यासोबत आयोडीन पोत्याच्या तळाला उतरतं, उरलेलं हळूहळू उडतं. ऊन आणि उष्णता त्याला हातभार लावतात. वेगवेगळ्या देशांतल्या मिठाच्या नमुन्यांवरचे प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. दमट हवेत वर्षभरात ३० ते ९८ टक्क्यांपर्यंत आयोडीन गेलं. तेच मीठ चांगल्या प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवलं तेव्हा बरंचसं टिकलं.

आता हेच आपल्या घरांशी लावून बघा. देशातलं बहुतेक मीठ गुजरातेत पिकतं आणि तिथून शेकडो किलोमीटर प्रवास करून आपल्याकडे येतं. ज्याच्या घरी महिन्याचा किराणा एकदम भरला जातो, तो बारीक मिठाचा सीलबंद पुडा आणतो आणि झाकणाच्या बरणीत भरतो. आठवडी बाजारात मात्र जाडं मीठ पोत्याचं तोंड उघडं ठेवून मापाने विकलं जातं. जनावरांसाठी म्हणून येणारं स्वस्त मीठही बाजारात असतं, आणि कायद्याने त्याला आयोडीनची अट नाही. ते गोठ्यात जातं की चुलीवर, हे कोण बघतं? आमच्या घरी मिठाचं गाडगं चुलीच्या अंगाला असायचं. माय जाडं मीठ आणायची, त्यात माती-खडे असतात म्हणून पाण्यातून काढायची आणि मग गाडग्यात भरायची. आयोडीन तर खड्याच्या वरच फवारलेलं असतं. पहिल्या धुण्यातच ते मोरीत जायचं. उरलेलं चुलीची धग आणि पावसाळ्याची ओल खायची. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम ज्यांचं होतं ते आमच्या वस्तीत यायचेच नाहीत.

शिजवतानाही काही भाग जातो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात भाजताना ६ टक्के, तर पाण्यात उकळताना ३७ टक्के घट आढळली होती. आपल्या ताटात काय असतं ते आठवा : तासभर रटरटणारं कालवण, पातळ वरण, आंबील. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद केली आहे. ज्या समाजाचं अन्नच स्वयंपाकाच्या पुस्तकांत कधी आलं नाही, त्याच्या अन्नातून किती आयोडीन उडतं हे मोजायला तरी कोण बसणार होतं? उपाय साधा आहे : मीठ शेवटी, भांडं उतरवताना घाला. पण हा उपायही पुड्यात आयोडीन असेल तरच कामाचा.

सरकारी आकडे वाचतानाही डोळे उघडे ठेवा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ९३ टक्के घरांत आयोडीनयुक्त मीठ आढळलं. वाचून वाटतं, संपला प्रश्न. पण तिथे मोजलं होतं ते आयोडीन आहे की नाही एवढंच. पुरेसं आहे का, हे २०१८-१९ च्या भारत आयोडीन सर्वेक्षणात मोजलं, तर आकडा आला ७६.३ टक्के. 'आहे' आणि 'पुरेसं आहे' यांच्यामध्ये कोट्यवधी घरं हरवतात. आपल्याला हा फरक चांगला ठाऊक आहे. गावात शाळा 'आहे', दवाखाना 'आहे', कागदावर सगळं आहेच.

आणि हे तपासायचं काम कुणाच्या गळ्यात? आशाताईंच्या. घरोघरी जाऊन चिमूटभर मिठावर किटमधल्या द्रावणाचा थेंब टाकायचा, निळा-जांभळा रंग आला तर आयोडीन आहे. ज्या निवडक जिल्ह्यांत हे काम दिलं गेलं, तिथे त्याचा ठरलेला मोबदला महिन्याला ५० नमुन्यांमागे २५ रुपये. म्हणजे एका घरामागे पन्नास पैसे! देशाच्या पुढच्या पिढीच्या मेंदूची राखण पन्नास पैशांत, आणि तीही बहुतेक गरीब घरांतल्या बायांकडून. मागे आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांनी असंच किट मिळवून वस्तीत थेंब टाकून पाहिले. एका घरात रंग गडद आला, शेजारच्या घरात फिका, एका मावशीच्या घरी आलाच नाही. मावशी म्हणाली, "बाबा, मला वाटलं मीठ म्हणजे मीठ." ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे. किटचा रंग नेमकं प्रमाण सांगतही नाही. पण त्या दिवशी वस्तीत मिठावर बोलणं सुरू झालं.

दुसऱ्या बाजूला एक नवीच टूम आली आहे. मोबाईलवर व्हिडिओ फिरतात : आयोडीनचं मीठ विष आहे, त्याने माणूस नपुंसक होतो, सैंधव खा, ते शुद्ध आहे, उपवासाला चालतं. सैंधवात नैसर्गिकपणे पुरेसं आयोडीन नसतं, ही साधी गोष्ट. ज्यांच्या घरी दूध, अंडी, मासे आणि गरज पडली तर थायरॉईडची तपासणी आहे, त्यांनी सैंधवाचे चोचले करावेत. आपल्या तरुणांनी 'शुद्ध' या शब्दाला तरी भुलू नये. आपल्या समाजाने शुद्धतेची किंमत पुरेशी मोजली आहे. कुणाला थायरॉईडचा आजार असेल, तर डॉक्टर सांगतील ते त्या माणसापुरतं ऐकावं. आणि आयोडीनसाठी मीठ जास्त खा, असंही मी म्हणत नाही. रक्तदाब आपल्या वस्त्यांत वाढतोच आहे. दिवसाला ५ ग्रॅम मीठ खाल्लं आणि त्यात ३० पीपीएम आयोडीन असलं, तर १५० मायक्रोग्रॅमचा हिशोब पुरा होतो. मीठ कमी असो, पण पूर्ण असो.

मग करायचं काय? नांदेडला विद्यापीठ आहे, दोन्ही जिल्ह्यांत विज्ञानाची महाविद्यालयं आहेत, आपली पोरं तिथे रसायनशास्त्र शिकतात. मिठातलं आयोडीन मोजायचं टायट्रेशन बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत होतं : मोजलेलं मीठ पाण्यात विरघळवायचं, थोडं सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घालायचं, सुटलेलं आयोडीन स्टार्च आणि सोडियम थायोसल्फेटने मोजायचं. प्राध्यापकांना गाठा, वस्तीतली, आठवडी बाजारातली, शालेय पोषण आहारातली, वसतिगृहाच्या मेसमधली मिठं आणा, आणि मोजा. यंदाच्या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतला थोडा हिस्सा या कामाला लावा. जिल्ह्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाला माहिती अधिकारात विचारा, की गेल्या तीन वर्षांत मिठाचे किती नमुने घेतले, कुठून घेतले, किती नापास झाले. रेशन दुकानावर आयोडीनयुक्त मिठाचा सीलबंद पुडा मिळावा ही मागणी लावून धरा. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' मिळाला. त्यात रवा होता, साखर होती, चणाडाळ होती, पामतेल होतं. मीठ नव्हतं. आणि घरी मायबहिणींना तीन गोष्टी सांगा : पुड्यावर आयोडीनचं चिन्ह आणि तारीख बघून घ्यायचं, चुलीपासून लांब झाकणाच्या डब्यात ठेवायचं, धुवायचं नाही.

हा नांदेड जिल्हा पोचीराम कांबळेंचा आहे. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून इथल्या माणसांनी जीव दिले. शिकण्याच्या हक्कासाठी एवढी किंमत मोजलेल्या समाजाने त्या हक्काची सुरुवात शाळेच्या दारात होते असं समजू नये. ती आईच्या ताटात होते. गावगाड्याने आपल्या बापजाद्यांना एकच धडा घोकवला : खाल्ल्या मिठाला जागा. त्या मिठाच्या उपकारावर पिढ्या राबवून घेतल्या. आता कुणाच्या उपकाराचं नको, आपल्या हक्काचं मीठ मागू. मोजून घेऊ. आणि पुढच्या वेळी कुणी मेरिट काढलं, तर त्याला विचारा, तुझ्या आईच्या मिठात किती पीपीएम होतं आणि माझ्या आईच्या मिठात किती.

जय भीम!